कृत्तिका की धनिष्ठा?

पाऊस उघडला की आकाशदर्शनाचे कार्यक्रम सुरू होतात. सप्टेंबरअखेरीला रात्री नऊच्या सुमारास हमखास कोणीतरी डोक्यावर बोट दाखवून म्हणतं, "त्या बघा कृत्तिका!" बोट एका इवल्याशा तारकापुंजाकडेच असतं, पण त्या कृत्तिका नसतात. त्या वेळी कृत्तिका पूर्वेच्या क्षितिजाखाली असतात, फार तर नुकत्या उगवत असतात. माथ्यावर असते ती धनिष्ठा. पाश्चात्त्य नकाशांत हिचं नाव डेल्फिनस, म्हणजे डॉल्फिन.

गल्लत होणं साहजिक आहे. दोन्ही पुंज लहान, दोन्ही दाटीवाटीचे, दोन्ही आपल्या सत्तावीस नक्षत्रांतले. त्यात महाराष्ट्रातून दोन्ही जवळजवळ डोक्यावरूनच जातात, धनिष्ठा थोडी दक्षिणेकडून आणि कृत्तिका थोड्या उत्तरेकडून.

ओळखायची खात्रीची रीत म्हणजे बोटं. हात समोर ताठ धरा आणि करंगळी आडवी आणा. कृत्तिकांचे ठळक तारे त्या एका करंगळीआड जवळपास सगळे झाकले जातात. धनिष्ठेचा नुसता चौकोन झाकायला दोन बोटं लागतात आणि शेपटीचा तारा धरला तर तीनही कमी पडतात. हा चौकोन तिरक्या पतंगासारखा आहे आणि शेपटीचा पाचवा तारा त्याच्या नैर्ऋत्येला. तेजातही फरक आहे. कृत्तिकांमधला सर्वांत ठळक तारा २.९ प्रतीचा, धनिष्ठेतला ३.६ प्रतीचा (प्रतीचा आकडा जितका लहान, तितका तारा तेजस्वी). त्यामुळे शहरातल्या उजेडात कृत्तिका कशाबशा दिसतात, धनिष्ठा बहुधा दिसतच नाही. गावाबाहेर पडावं लागतं.

शोधायची असेल तर आधी श्रवण गाठा. श्रवणाचा ठळक तारा, ज्याच्या दोन्ही बाजूंना एकेक मंद तारा आहे, तिथून ईशान्येकडे ताठ हाताच्या साधारण एका मुठीएवढं अंतर गेलं की धनिष्ठा. कृत्तिकांची वाट वेगळी: मृगाच्या पट्ट्यातल्या तीन ताऱ्यांवरून रोहिणी, आणि तशीच रेघ पुढे नेली की कृत्तिका. दोन्ही पुंज एकाच वेळी बघायचे असतील तर दिवाळीची अमावास्या उत्तम. रात्री नऊला धनिष्ठा पश्चिमेकडे कललेली पण अजून उंच असते आणि कृत्तिका पूर्वेला चांगल्या वर आलेल्या असतात. एकदा दोघींना असं पाहिलं की पुन्हा चूक होत नाही.

खरा फरक मात्र डोळ्यांना दिसत नाही. कृत्तिका हे खरोखरीचं कुटुंब आहे. सुमारे ४४० प्रकाशवर्षांवर, एकाच ढगातून दहा कोटी वर्षांपूर्वीच्या आसपास जन्मलेले हजारावर तारे गुरुत्वाकर्षणाने एकत्र राहून एकाच दिशेने चालले आहेत. आपल्याला दिसतात ते त्यांतले सहा-सात. धनिष्ठेत असं काही नाही. चौकोनाच्या पश्चिम टोकाचा तारा (बीटा) आपल्यापासून सुमारे १०० प्रकाशवर्षांवर आहे, त्याला चिकटून दिसणारा अल्फा २५० वर आणि शेपटीचा एप्सिलॉन ३३० च्या आसपास. म्हणजे बीटाकडून अल्फाकडे जायचं तर पृथ्वीवर येण्यापेक्षा लांब पडेल. आपण ज्या जागेवरून बघतो तिथून ते एका दिशेत येतात, एवढंच त्यांचं नातं. कृत्तिकांची दाटी खरी आणि धनिष्ठेची दिसण्यापुरती, हे मला या जोडीतलं सर्वांत विलक्षण वाटतं, कारण नुसत्या डोळ्यांनी दोन्हींकडे बघताना मन दोन्हींना सारखंच 'एकत्र' समजतं.

पंचांगाच्या दृष्टीनेही दोघींची गोष्ट निराळी. कृत्तिका क्रांतिवृत्ताच्या, म्हणजे सूर्याच्या आकाशातल्या वार्षिक वाटेच्या, उत्तरेला फक्त चार अंशांवर आहेत. चंद्र कधीकधी थेट त्यांच्यावरून जातो आणि एकेक तारा त्याच्याआड झाकला जातो. असं पिधान साध्या दुर्बिणीतून जरूर बघावं. धनिष्ठेचे तारे मात्र क्रांतिवृत्तापासून सुमारे तीस अंश उत्तरेला आहेत आणि चंद्र क्रांतिवृत्तापासून पाच अंशांपलीकडे फारसा जात नाही. म्हणून पंचांगात 'चंद्र धनिष्ठेत' असं लिहिलेलं असतं त्या रात्री आकाशात चंद्र मकर-कुंभेच्या भागात, धनिष्ठेच्या ताऱ्यांपासून निदान दोन-अडीच मुठी खाली असतो. धनिष्ठापंचकाची धास्ती घेणाऱ्या प्रत्येकाला त्या रात्री बाहेर नेऊन हे अंतर दाखवावं असं मला मनापासून वाटतं.

तरीही आपल्या जुन्या कालगणनेत या दोघींनी एकेकदा पहिला मान मिळवला आहे. वैदिक यादीत नक्षत्रं अश्विनीपासून नव्हे, कृत्तिकांपासून सुरू होतात. त्यांची देवता अग्नी. 'कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत', असं शतपथ ब्राह्मण सांगतं. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ज्योतिषशास्त्राच्या इतिहासात हे वाक्य पकडलं. कृत्तिका नेमक्या पूर्वेला उगवायच्या तर त्या आकाशातल्या विषुववृत्तावर हव्यात, आणि तशा त्या इ. स. पू. ३००० च्या सुमारास होत्या. पुढे वेदांग ज्योतिषात धनिष्ठा आरंभी येते. तिथे तिचं नाव श्रविष्ठा, देवता अष्टवसू, आणि सूर्य-चंद्र श्रविष्ठेच्या आरंभी उत्तरेकडे वळतात असं स्पष्ट म्हटलं आहे. म्हणजे तेव्हा उत्तरायण तिथून सुरू होत होतं. आज सूर्य धनिष्ठेत पोचतो तो फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात, उत्तरायण लागून दीड महिना झाल्यावर. पृथ्वीच्या आसाच्या संथ भोवऱ्यामुळे हा दीड महिना साचला आहे.

महाभारताच्या वनपर्वात तर दोघी एकाच प्रसंगात येतात. अभिजित आकाशातून ढळली, आता काळ कसा मोजायचा, ही इंद्राची चिंता. तेव्हा ब्रह्मदेवाने धनिष्ठेपासून काळ धरला होता, हा उल्लेख तिथे आहे, आणि स्कंदाला वाढवणाऱ्या कृत्तिका आकाशात गेल्या तेही तिथेच.

ग्रीकांकडची धनिष्ठा समुद्रातली. इतिहासकार हेरोडोटसने सांगितलेली कथा लेस्बॉस बेटावरच्या अरायन या गायकाची आहे. इटली-सिसिलीत भरपूर कमाई करून तो कॉरिंथला परतत होता. खलाशांनी पैशांसाठी त्याला मारायचं ठरवलं. त्याने शेवटचं एक गाणं म्हणायची परवानगी मागितली, पूर्ण पोशाखात गायला आणि समुद्रात उडी टाकली. एका डॉल्फिनने त्याला पाठीवर घेऊन टेनारमच्या किनाऱ्याला पोचवलं. दुसऱ्या कथेत समुद्रदेव पोसायडनसाठी अ‍ॅम्फिट्रिटीचं मन वळवणारा डॉल्फिन आकाशात बसतो.

अल्फा आणि बीटाची नावंही सांगायलाच हवीत: सुआलोसिन आणि रोटानेव्ह. जुझेप्पे पियात्सीच्या पालेर्मो वेधशाळेच्या १८१४ च्या तारकासूचीत ती अचानक आली आणि कोणालाच त्यांचा उगम लागेना. रोमन अक्षरं उलट्या क्रमाने वाचली तेव्हा उलगडा झाला: निकोलाउस व्हेनाटर. पियात्सीचा सहायक निकोलो काचातोरे याच्या नावाचं हे लॅटिन रूप. २०१६ साली आंतरराष्ट्रीय खगोल संघटनेने दोन्ही नावं अधिकृत केली.

चौकोनाचं पूर्वेचं टोक म्हणजे गॅमा, लहान दुर्बिणीतून सुंदर दिसणारा जोडतारा. एक सोनेरी, दुसरा किंचित फिकट. या भागात नवतारेही, म्हणजे एकाएकी उजळून उठणारे तारे, नुसत्या डोळ्यांना दिसले आहेत. ऑगस्ट २०१३ मध्ये जपानच्या कोइची इतागाकी यांना एक सापडला. त्याआधी जुलै १९६७ मध्ये इंग्लंडच्या जॉर्ज ऑलकॉक यांना दुसरा. ऑलकॉक द्विनेत्री घेऊन आकाश चाळत आणि हजारो ताऱ्यांच्या जागा त्यांना तोंडपाठ होत्या, म्हणून धनिष्ठेतला तो उपरा ठिपका त्यांच्या नजरेला खटकला. तो नवतारा एकदम मंदावला नाही. त्याच वर्षीच्या डिसेंबरात तो रोटानेव्हच्या तोडीचा झाला होता.