जायपत्रीचा लाभांश

व्यापार आणि नफा माणसाला हजारो वर्षं ठाऊक होते. भांडवलशाहीने त्यात घातलेली खरी भर, माझ्या मते, कधीही न मोडणारं भांडवल ही.

सोळाव्या शतकाअखेर डच व्यापारी मसाल्यांसाठी जहाजं धाडत, तेव्हा दर सफरीची वर्गणी वेगळी निघे. जहाज परतलं की माल विकून हिशेब मिटवायचा; बुडालं तर पैसे अक्षरशः पाण्यात. १६०२ मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनी निघाली आणि सुमारे ६४ लाख गिल्डर (तेव्हाचं डच चलन) जमले. एकट्या ॲमस्टरडॅममध्ये हजारावर लोकांनी पैसे घातले, त्यात घरकाम करणारी एक बाईही होती. पैसे मात्र दहा वर्षं अडकून राहणार होते, आणि मुदत सरल्यावरही कंपनीने ते परत केले नाहीत. मग नड असलेल्याने काय करायचं? आपला हिस्सा विकायचा. दोघांनी कचेरीत जायचं, तिथे खातेवहीत एकाच्या नावावरचा हिस्सा दुसऱ्याच्या नावे चढायचा, की झालं. कंपनीच्या तिजोरीतून छदामही हलत नसे. शेअर बाजार वाढला तो या सोयीतून. हातात नसलेले शेअर विकून भाव पाडणारेही लगेच उगवले, म्हणून १६१० मध्ये त्यावर बंदी आली.

त्याच वर्षी कंपनीने पहिला लाभांश दिला, तोही जायपत्रीच्या रूपात! भागधारक कुरकुरले. ही जायपत्री आजच्या इंडोनेशियातल्या बांदा बेटांची. तिथले लोक इंग्रजांनाही माल विकत आणि कंपनीला तर मक्तेदारी हवी होती. १६२१ मध्ये कंपनीचा गव्हर्नर जनरल यान कून फौज घेऊन तिथे उतरला. सुमारे १५,००० वस्तीपैकी बहुतेक जण मारले गेले, उपासमारीने मेले, परागंदा झाले किंवा गुलाम झाले. जायफळाच्या बागांत मग बाहेरून आणलेले गुलाम राबू लागले. ॲमस्टरडॅमच्या भागधारकाला यातलं काही करावं लागलं नाही, पाहावंही लागलं नाही.

भागधारक आणि कंपनीची करणी यांतलं हे अंतर पुढे कायद्यानेही मान्य केलं. कंपनी बुडाली तरी भागधारकाचं घरदार जाणार नाही, ही सवलत ब्रिटनमध्ये पूर्वी खास परवान्याने मिळे. १८५५ च्या कायद्याने ती बऱ्याच कंपन्यांना खुली झाली. त्यामुळे बेताच्या मिळकतीचा माणूसही धोका पत्करू लागला. एकट्यादुकट्या सावकाराला न झेपणारे उद्योग अशा पैशावर उभे राहिले.

दुसरी बाजू कापडगिरण्यांत दिसते. यंत्रांनी कापड स्वस्त झालं, पण त्या यंत्रांपाशी लहान मुलंही राबत होती. १८३३ च्या ब्रिटिश कायद्याने बहुतेक कापडगिरण्यांत नऊ वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायला मनाई केली. आधीचे कायदे कागदावरच राहिले होते, म्हणून या वेळी तपासनीसही नेमले. अख्ख्या देशासाठी चार.