पायांची विद्या: शेपटीच्या चाकावरचं उड्डाण

गाळप हंगामात होटगी रस्त्यावरून गेलेल्या सोलापूरकराला हे दृश्य नवं नाही. उसाने शिगोशीग भरलेली ट्रॉली ट्रॅक्टरवाला रिव्हर्स घेत असतो. ट्रॉली सरळ मागे जाते तोवर ठीक. एकदा का ती जराशी तिरपी झाली, की तिरपेपणा आपोआप वाढत जातो. ड्रायव्हरने तो तिथल्या तिथे मोडला नाही, तर ट्रॉली आडवी होते आणि सगळा रस्ता खोळंबतो. जानेवारीत गड्डा यात्रेसाठी आलेली माझी भाची आणि मी असेच एका ट्रॉलीमागे अडकलो होतो. अमेरिकेतून विमान चालवायचं शिक्षण घेऊन ती नुकतीच परतली होती. काचेतून बघता बघता एकदम म्हणाली, "मामा, हे बघ. टेलव्हील विमान उतरल्यावर अस्संच वागतं. माझे पाय दहा तास हेच तर शिकले."

तिने जे शिकलं, म्हणजे शेपटीखाली चाक असलेलं 'टेलव्हील' विमान पायांनी सावरणं, ते एके काळी प्रत्येक वैमानिकाला शिकावंच लागे. आता ते मुद्दाम पैसे मोजून शिकावं लागतं. असं का झालं, हे सांगण्यासाठी हे टिपण. ९ जून २०२५ पासून सोलापूर–गोवा विमान सुरू झालं आणि आमच्याकडच्या मुलामुलींच्या बोलण्यात "पायलट व्हायचंय" हे वाक्य वरचेवर येऊ लागलं. त्यांच्या आईबापांनाही या विद्येची थोडी ओळख असलेली बरी.

आधी ट्रॉलीचं गणित. टेलव्हील विमानाची दोन मुख्य चाकं पुढे असतात आणि शेपटीखाली एक लहानसं चाक. विमानाच्या वजनाचा मध्य मुख्य चाकांच्या मागे पडतो. म्हणजे जमिनीवर धावताना जड भाग मागून ढकलत असतो. नाक जरा डावीकडे गेलं, की मागचं वजन सरळ जायचा हट्ट धरतं आणि नाक आणखी डावीकडे फिरवतं. वेळीच आवरलं नाही तर विमान जागच्या जागी गिरकी घेतं, पंख जमिनीला घासतो, कधी चाकाचा पायच मोडतो. याला वैमानिक 'ग्राउंड लूप' म्हणतात. नाकाखाली चाक असलेल्या विमानात वजनाचा मध्य मुख्य चाकांच्या पुढे असतो. ती ओढलेली ट्रॉली. वाकडी झाली तरी आपोआप सरळ होते.

पण जमीन हा या गोष्टीचा अर्धाच भाग. पायांची गरज आधी हवेत लागली.

राइट बंधूंना १९०१ च्या ग्लायडरवर, म्हणजे बिनइंजिनाच्या विमानावर, एक विचित्र अनुभव आला. उजवीकडे वळण्यासाठी पंख उजवीकडे कलवावा, तर नाक उलट डावीकडे जायला बघे. कारण साधं आहे. वर उचलला जाणारा पंख जास्त उचल निर्माण करतो, आणि जास्त उचलेबरोबर हवेचा अडथळाही जास्त येतो. तो अडथळा त्या पंखाला मागे ओढतो. १९०२ मध्ये त्यांनी शेपटीला हलता रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणारा उभा पडदा) लावला आणि तो पंखांच्या दोरीलाच जोडून टाकला. १९०५ पर्यंत त्यांना कळून चुकलं, की रडर वैमानिकाच्या स्वतंत्र ताब्यात हवा. पुढे १९०८ च्या सुमारास फ्रान्समध्ये लुई ब्लेरिओच्या विमानांवर आजची मांडणी पक्की झाली: हातात पंख कलवायची दांडी म्हणजे स्टिक, पायाखाली रडरचा दांडा. २५ जुलै १९०९ ला इंग्लिश खाडी ओलांडली ती याच मांडणीने.

सोलापूरच्या पूर्व भागात हातमागावर बसलेल्या विणकराला ज्याने पाहिलंय, त्याला ही मांडणी वेगळी समजावून सांगायला नको. हात धोटा टाकतात, पाय खालच्या फळ्या दाबतात, आणि डोळे दोन्हीकडे न बघता कापडावर असतात. पाय चुकला की वीण चुकते. विमानातही तसंच: हाताने पंख कलवायचा, त्याच क्षणी तितकाच पाय द्यायचा. कमी दिला तर विमान वळणात आत घसटतं, जास्त दिला तर बाहेर रेलतं. सीटवर बसल्या बसल्या अंगाला ते कळतं, आणि समोरच्या काचेच्या नळीतली काळी गोळी मध्यावरून सरकते.

पहिल्या महायुद्धाच्या सुमारास फ्रान्समधल्या ब्लेरिओ शाळेत शिकवायची एक तऱ्हा होती. छोट्या, छाटलेल्या पंखांच्या विमानात शिकाऊला एकट्याला बसवायचं. ते उडायचंच नाही म्हणून नाव पडलं 'पेंग्विन'. मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ते सरळ पळवून दाखवायचं, बास. म्हणजे हवेत जायच्या आधी पायांची परीक्षा. मला ही तऱ्हा फार आवडते. १९१७ मध्ये इंग्लंडमधल्या गॉसपोर्टला रॉबर्ट स्मिथ-बॅरीने पुढचं पाऊल टाकलं. गुरू आणि शिष्य दोघांच्याही हाती नियंत्रणं, मध्ये बोलायला नळी, आणि ज्या गोष्टींची भीती वाटते (स्पिन म्हणजे गिरकी घेत खाली कोसळणं, आडवा वारा) त्यांपासून शिष्याला दूर ठेवण्याऐवजी त्यांतच नेऊन बाहेर काढायला शिकवायचं. आजचं विमानप्रशिक्षण या पायावर उभं आहे.

चाक शेपटीलाच का, याचं उत्तर त्या काळच्या मैदानांत आहे. बहुतेक ठिकाणी धावपट्टी नव्हतीच, नुसतं गवताळ माळरान. सुरुवातीला तर शेपटीखाली चाकही नसे. लाकडाची किंवा लोखंडाची घसरपट्टी असे, ती मातीत रुतून ब्रेकचं काम करी. नाक वर असल्याने इंजिनाचा मोठा पंखा खड्ड्यांपासून लांब राही. आणि मुख्य म्हणजे माळावर वारा ज्या दिशेने येई त्या दिशेला तोंड करून उतरता येई. पुढे सिमेंट-डांबराच्या धावपट्ट्या झाल्या. धावपट्टीची दिशा कायमची ठरली, वाऱ्याची काही ठरली नाही. आडव्या वाऱ्यात उतरायचं अवघड काम तिथून रोजचं झालं.

भारतातल्या कैक वैमानिकांच्या पिढ्या शेपटीच्या चाकावर, त्याआधी घसरपट्टीवर घडल्या. १० फेब्रुवारी १९२९ ला जे. आर. डी. टाटांना भारतातला पहिल्या क्रमांकाचा परवाना मिळाला. १५ ऑक्टोबर १९३२ ला त्यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला टपाल आणलं ते पस मॉथ विमानही त्याच जातीचं. टायगर मॉथ १९३१ मध्ये पहिल्यांदा उडालं आणि आठ हजारांहून अधिक बनलं. त्याला ब्रेक नव्हते. जमिनीवर चालवताना नाकाआड समोरचं काही दिसत नसे, म्हणून नागमोडी जात बाजूने डोकावावं लागे. २७ ऑक्टोबर १९४७ ला श्रीनगरला आपले जवान उतरले ती डकोटा विमानंही शेपटी टेकूनच उभी राहणारी.

इथे एका मराठी माणसाचं नाव घ्यायलाच हवं. कोल्हापूर जिल्ह्यातले डॉ. विष्णू माधव घाटगे. जर्मनीत गटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली शिकून आले आणि बंगळूरला हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये त्यांनी एचटी-२ हे शिकाऊंचं विमान आखलं. ऑगस्ट १९५१ मध्ये ते उडालं. एकामागे एक दोन आसनं, शेपटीखाली चाक. वायुदलाच्या कित्येक वैमानिकांचा श्रीगणेशा त्यावर झाला, घाना देशानेही ही विमानं आपल्याकडून घेतली. त्यानंतर २८ सप्टेंबर १९५८ ला पुष्पक उडालं: ९० अश्वशक्तीचं इंजिन, वर पंख, शेजारी-शेजारी दोन आसनं आणि चाक पुन्हा शेपटीलाच. देशभरातल्या फ्लाइंग क्लबांत पुढची कित्येक वर्षं पुष्पक हेच शिकायचं विमान. आपल्या लोकांनी बांधलेल्या विमानांवर आपली मुलं पाय चालवायला शिकली, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

मग चाक पुढे का गेलं? अपघात कमी व्हावेत म्हणून, आणि ते योग्यच होतं. अमेरिकेत फ्रेड विक या अभियंत्याने १९३० च्या दशकात नाकाखालच्या चाकाचा पाठपुरावा केला. त्याच्याच एरकूप विमानात तर रडरचे पेडलच काढून टाकले आणि रडर हातातल्या चाकाला जोडला. राइट बंधूंनी १९०५ मध्ये सोडवलेली गाठ पस्तीस वर्षांनी परत बांधली गेली. १९५६ मध्ये नाकाखाली चाक असलेलं सेसना १७२ हे छोटं विमान आलं. उतरणं सोपं झालं, शिकायला माणसं वाढली, फ्लाइंग स्कूलमधून टेलव्हील विमानं हळूहळू गेली. आपल्याकडेही वायुदलात एचटी-२ च्या जागी आलेल्या दीपक या शिकाऊंच्या विमानाचं चाक नाकाखाली होतं.

तोटा लगेच दिसला नाही. नाकाखालचं चाक आळशी पायांना माफ करतं. पायांची कामं ती तीच राहिली; ती न केल्याची शिक्षा मात्र जमिनीवर मिळेनाशी झाली. शिक्षा हवेत मिळते, आणि तिथे ती महाग पडते. उतरायच्या आधीचं शेवटचं वळण घ्या. वाऱ्याने विमान पुढे ढकललं, धावपट्टीची रेघ चुकतेय असं दिसलं. जास्त कलायची भीती वाटते म्हणून वैमानिक नुसत्या पायाने नाक आत ओढतो. वेग आधीच कमी. आतल्या पंखाची उचल आधी सुटते आणि विमान त्या बाजूला उलटून गिरकीत जातं. खाली उरलेली असते काही शे फुटांची उंची. ती सावरायला पुरत नाही. उडायला लागल्यापासूनची ही चूक आजही माणसं मारते.

मोठ्या विमानांतही हा प्रश्न निघाला. १ जून २००९ ला एअर फ्रान्सचं ४४७ हे विमान अटलांटिकमध्ये कोसळलं, २२८ माणसं गेली. वेग मोजणाऱ्या नळ्यांत बर्फ साचला, ऑटोपायलट सुटला, आणि पंखांची उचल सुटलेली असताना नाक वरच ओढलं जात राहिलं. तिथे दोष रडरचा नव्हता. पण हाताने विमान उडवायची सवय मोडली की काय होतं, ही चर्चा तिथून जगभर पेटली. जानेवारी २०१३ मध्ये अमेरिकेच्या विमानवाहतूक प्रशासनाने विमान कंपन्यांना वैमानिकांकडून अधूनमधून हाताने उड्डाण करवून घ्यायला सुचवलं.

त्याच अमेरिकेत १५ एप्रिल १९९१ पासून टेलव्हील विमान एकट्याने चालवण्याआधी गुरूची वेगळी सही वहीत लागते. तिथपर्यंत ज्यांनी ते चालवलेलं होतं त्यांना सूट. भाचीने घेतली ती ही सही. तिच्या वहीतल्या त्या दहा तासांच्या नोंदी मी पाहिल्या. पहिल्या तीन दिवसांत 'लँडिंग' या रकान्यात आकडे भरपूर, आणि शेऱ्यात रोज एकच ओळ: पाय उशिरा. चौथ्या दिवशी शेरा बदलला: पाय जास्त. "उशीर होतोय म्हटल्यावर मी दणादण दाबायला लागले," ती म्हणाली. "सर म्हणाले, दाबायचं नाही, नाचायचं. थोडं डावं, थोडं उजवं, वाकडं व्हायच्या आधी. आणि चाकं टेकली म्हणून उड्डाण संपलं असं समजायचं नाही. विमान बांधून ठेवलं की संपलं."

ज्यांना अमेरिका परवडत नाही त्यांनी आपल्याच राज्याकडे बघावं. पुण्यात हडपसरला सरकारी ग्लायडिंग केंद्र आहे. ग्लायडरच्या काचेवर लोकरीचा वीतभर धागा चिकटवलेला असतो. पाय बरोबर पडला तर तो सरळ मागे लोळतो, चुकला की तिरपा होतो. इंजिन नाही, त्यामुळे दुसऱ्या कशाला दोष देता येत नाही. शेपटीच्या चाकाइतकाच हा गुरू कडक आहे, असं माझं मत. आणि साध्या सेसनावर शिकणाऱ्यालाही हे सगळं येऊ शकतं. फक्त गुरूने पायांकडे बघायला हवं आणि शिष्याने ते खपवून घ्यायला हवं. सोलापूरच्या मे महिन्यात पारा ४२ वर जातो, तेव्हा इथली हवा विमानाला जवळपास पाच हजार फुटांवरच्या हवेइतकी विरळ भासते. उचल कमी, पंख्याचा जोर कमी. अशा दिवसांत पाय पक्के असलेलेच बरे.

यात्रा संपून जाण्याआधी भाचीने विमान बघायचा हट्ट धरला. विमानतळाच्या कुंपणाबाहेर उभे राहिलो. वारा धावपट्टीला आडवा होता, रस्त्याकडेच्या बाभळी एका अंगाला झुकलेल्या. गोव्याचं एटीआर विमान खाली येत होतं, नाक किंचित वाऱ्याकडे. जमीन जवळ आली तसा शेपटीवरचा उभा रडर हलला, नाक रेघेत आलं, आणि वाऱ्याकडचं चाक आधी टेकलं. मी भाचीकडे पाहिलं. तिच्या चपलेतला डावा अंगठा मातीत रुतला होता आणि टाच वर आली होती.