मे १९९८ ते एप्रिल २०२२ : इंडोनेशियातल्या एका कायद्यामागची लढाई

इंडोनेशियाच्या संसदेने १२ एप्रिल २०२२ रोजी लैंगिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा मंजूर केला. त्याची मुळं मे १९९८ च्या जकार्तात आहेत.

आर्थिक संकटात रुपिया कोसळला होता, लोक महागाईने पिचले होते. १२ मे रोजी त्रिसक्ती विद्यापीठाचे चार विद्यार्थी गोळीबारात ठार झाले आणि पाठोपाठ शहर पेटलं. जमावाचा रोख चिनी वंशाच्या वस्त्यांकडे वळला. दुकानं लुटली, जाळली गेली आणि बायका-मुलींवर सामूहिक बलात्कार झाले. २१ मे रोजी राष्ट्राध्यक्ष सुहार्तो पायउतार झाले.

पोलिसांकडे तक्रारच नाही, मग बलात्कार झाले कशावरून, असं अधिकारी विचारू लागले. घाबरलेल्या पोरींनी तक्रार करायची कुणाकडे, हा साधा प्रश्न त्यांना पडला नाही. साक्षी गोळा केल्या त्या स्वयंसेवक स्त्रियांनी, धमक्या झेलत. १५ जुलैला महिला हक्कांच्या कार्यकर्त्या सापारिना साद्ली आणि त्यांच्या सहकारी नवे राष्ट्राध्यक्ष हबीबी यांना भेटल्या आणि सरकारने जबाबदारी घ्यावी यावर अडून बसल्या. हबीबींनी त्या अत्याचारांचा जाहीर निषेध केला. पुढे सरकारच्याच सत्यशोधन पथकाने बलात्काराच्या ५२ घटना नोंदवल्या. १५ ऑक्टोबरला ‘कोमनास पेरेम्पुआन’ हा राष्ट्रीय महिला आयोग स्थापन झाला. साद्ली पहिल्या अध्यक्ष.

२००४ मध्ये घरगुती हिंसाचारविरोधी कायदा आला. पण डच अमलातून आलेल्या दंडसंहितेत बलात्काराची व्याख्या पत्नी नसलेल्या स्त्रीशी बळजबरीने केलेला संबंध एवढ्यापुरतीच होती. आयोगाने २०१२ पासून नव्या कायद्याचा आग्रह धरला. २०१६ मध्ये सुमात्रा बेटावरच्या बंगकुलू प्रांतात १४ वर्षांच्या शाळकरी मुलीवर सामूहिक बलात्कार करून तिचा खून झाला, तेव्हा देशभर लोक रस्त्यावर उतरले. तरीही विधेयकाने स्वैराचार बोकाळेल अशी ओरड सनातनी पक्षांनी चालूच ठेवली. २०२० मध्ये तर ‘चर्चा अवघड आहे’ म्हणून ते संसदेच्या प्राधान्य यादीतूनच वगळलं गेलं.

अखेर मंजूर झालेल्या कायद्यातली एक तरतूद मला सर्वांत मोलाची वाटते : पीडितेची साक्ष आणि जोडीला एक वैध पुरावा दोष सिद्ध करायला पुरेसा ठरू शकतो. शिवाय आरोपी अल्पवयीन नसेल, तर प्रकरण आपसात मिटवता येत नाही.

जून २०२५ मध्ये सांस्कृतिक मंत्री फाद्ली झोन यांनी १९९८ चे सामूहिक बलात्कार म्हणजे अफवा असल्याचं म्हटलं. महिला संघटनांनी माफीची मागणी केली. त्या बलात्कारांसाठी आजवर एकालाही शिक्षा झालेली नाही.