डायना बिशपचं आडनाव आलं कुठनं

डेबोरा हार्कनेसची 'ऑल सोल्स' ही चेटकिणी-व्हॅम्पायरवाल्या कादंबऱ्यांची सिरीज सध्या माझ्या तीन मैत्रिणी एकदमच वाचतायत आणि तिघींची तक्रार एकच, की अगं शंभर पानं झाली नुसती लायब्ररीच चाललीय, प्रेमबिम कधी सुरू होणार. होणार गं, मॅथ्यू आलाय ना, व्हॅम्पायर लोकांना कसली घाई. पण ती लायब्ररी स्किप करू नका, खरी गंमत तिथेच आहे.

पहिला भाग आला 2011 मध्ये, पुढचे दोन 2012 आणि 2014 ला. डायना बिशप जन्माने चेटकीण पण धंद्याने इतिहासाची प्राध्यापक, ऑक्सफर्डच्या बॉडलियन लायब्ररीत बसून ती ॲशमोल 782 नावाचं हस्तलिखित मागवते आणि पुढचा सगळा गोंधळ सुरू होतो. आता हा नंबर लेखिकेने मनाने घातलेला नाहीये. इलायस ॲशमोल हा 17व्या शतकातला खरा माणूस, किमया, ज्योतिष असलं मिळेल ते जमवणारा, त्याची हस्तलिखितं आज खरंच बॉडलियनमध्ये आहेत आणि त्यातलं 782 नंबरचं खरंच गायब आहे. कॅटलॉगमध्ये नोंद आहे, पुस्तक नाही.

आणि लेखिका स्वतः विज्ञानाच्या इतिहासाची अभ्यासक, तिचं काम जॉन डीवर. डी म्हणजे पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळातला गणिती, जो स्फटिकात बघणारा माणूस समोर बसवून देवदूतांशी बोलायचा. त्याच्याकडे 'बुक ऑफ सोयगा' नावाचा मंत्रतंत्राचा ग्रंथ होता, 1582 मध्ये त्याने उरिएल या देवदूताला चक्क विचारलं की हे पुस्तक काही कामाचं आहे का, तर उत्तर आलं की याचा अर्थ फक्त मायकल लावू शकतो. (म्हणजे आपल्याकडे एका खिडकीवरनं दुसऱ्या खिडकीवर पाठवतात तसंच.) नंतर तो ग्रंथ हरवला असंच सगळे धरून चालले होते, आणि 1994 मध्ये हार्कनेसला त्याच्या दोन प्रती सापडल्या, एक ब्रिटिश लायब्ररीत आणि एक ह्याच बॉडलियनमध्ये. तोपर्यंत त्या 'आल्डाराया' अशा वेगळ्याच नावाखाली नोंदलेल्या, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. डायनाच्या हातात हरवलेलं पुस्तक येतं तो सीन हे माहीत असताना वाचून बघा.

आता आडनाव. डायना आईकडून ब्रिजेट बिशपच्या वंशातली दाखवलीय आणि ब्रिजेट ही अमेरिकेतल्या सेलमच्या चेटूक-खटल्यांत फाशी गेलेली पहिली बाई, तारीख 10 जून 1692. (जाळलं नाही हां, इंग्रजी कायद्यात चेटकाला फाशी होती, सेलममध्ये 19 जण फाशी गेले.) तिच्याविरुद्धच्या साक्षींतली एक मला विसरताच येत नाही. बाप आणि मुलगा असे दोन मजूर कोर्टात सांगतात की हिच्या जुन्या घराच्या तळघराची भिंत पाडताना आम्हाला बाहुल्या सापडल्या, चिंध्यांच्या आणि डुकराच्या केसांच्या, त्यात बिनडोक्याच्या टाचण्या खुपसलेल्या, टोकं बाहेर. पण ते काम त्यांना दिलं होतं कोणी तर ब्रिजेटनेच! जिला लपवायचंय ती स्वतः मजूर लावून भिंत पाडून घेईल का? कोर्टाला हा प्रश्न पडला नाही बहुतेक.

आणि रोमान्सचं म्हणाल तर चेटकीण आणि डीमनचं (म्हणजे चर्चच्या भाषेत सैतानाच्या साथीदाराचं) 'लफडं' ही मूळची लव्हस्टोरी नाहीच, ती चार्जशीट आहे. हाइनरिक क्रेमर नावाचा धर्माधिकारी 1485 मध्ये ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकला गेला, तिथे हेलेना शॉयबरिन नावाच्या बाईला त्याने चेटकासाठी पकडलं आणि तिच्या शरीरसंबंधांबद्दल इतके प्रश्न विचारले की समोरच्या वकिलाने हरकत घेतली, खटला पडला आणि तिथल्या बिशपने (आडनाव नाही हां, चर्चचा मोठा अधिकारी) याला गाव सोडायला सांगितलं. तो परत गेला आणि त्या रागात 'मॅलियस मॅलेफिकारम' हे चेटकिणींविरुद्धचं पुस्तक लिहिलं. त्याची थिअरी अशी की चेटूक सगळं बाईच्या वासनेतनं येतं, सैतान पुरुषाचं रूप घेऊन येतो आणि ती त्याच्याशी झोपते, झाला करार पक्का. पुढची दीड-दोनशे वर्षं युरोपभर बायकांकडून छळ करून हेच कबूल करून घेतलं. आज त्याच आरोपावर रात्री दोनपर्यंत जागून आपण 'किती क्यूट' म्हणतो, मी पण म्हणते.

हार्कनेसचे डीमन मात्र त्या वळणाचे नाहीत, स्पेलिंगमध्येच एक जास्तीचं अक्षर टाकून तिने त्यांना ग्रीक करून टाकलंय. ग्रीकांचा डायमोन म्हणजे देव आणि माणूस यांच्यामधलं काहीतरी, सॉक्रेटिसला चुकीचं करताना अडवणारा आतला आवाज तोच, नंतर ख्रिश्चन लेखकांनी सरसकट सगळ्यांना सैतानाच्या टोळीत टाकलं. म्हणून तिच्या कथेत ते कलाकार, विक्षिप्त, हुशार माणसं असतात, नाटककार मार्लो पण त्यातलाच. मराठीत राक्षस म्हणावं तर चुकतं, सैतान म्हणावं तर आणखीच चुकतं, त्यामुळे मी आपली डीमनच म्हणते.

आणि हो, ब्रिजेटचं नाव मॅसॅच्युसेट्सने कायदा करून निर्दोष ठरवलं ते थेट 2001 मध्ये, पहिला भाग यायच्या दहाच वर्षं आधी. सही झाली 31 ऑक्टोबरला. हॅलोविनच्या दिवशी.