मलेरियाचं मूळ गटारात नाही

“गटारं उघडी, म्हणून मलेरिया” हे दर पावसाळ्यात कानावर येतं. गटारं झाकायलाच हवीत, पण मलेरियाचं खापर त्यांच्यावर फोडणं चूक आहे. घाण पाण्यात वाढतो तो मुख्यतः क्युलेक्स डास. तो हत्तीरोग पसरवतो. शहरी मलेरिया पसरवणाऱ्या ॲनोफिलिस स्टीफेन्साय या डासाला साचलेलं, पण स्वच्छ पाणी आवडतं. मुंबईला हे शंभर वर्षांपूर्वीच कळलं होतं. १९११ साली मलेरियातज्ज्ञ डॉ. चार्ल्स बेंटली यांनी आपल्या अहवालात शहरातल्या विहिरींकडे बोट दाखवलं. पुढे कित्येक विहिरी बुजवल्या किंवा झाकल्या गेल्या.

आता डासांची तीच सोय बांधकामं करून देतात. मोकळ्या जमिनीवर टॉवर चढू लागला की स्लॅबवर पाणी साठवून ठेवतात, लिफ्टच्या खड्ड्यात पाणी साचतं, पिंपं उघडी राहतात. अंड्यापासून डास व्हायला साधारण ८-१० दिवस पुरतात. शेजारीच पत्र्याच्या खोल्यांत मजूर झोपतात, बहुतेकदा मच्छरदाणीशिवाय. ताप त्यांना आधी गाठतो, आणि “यांनीच रोग आणला” हा ठपकाही त्यांच्याच माथी. हा सरळ अन्याय आहे. गटारात कितीही फवारणी केली तरी स्लॅबवरच्या अळ्या मरत नाहीत. ते पाणी दर आठवड्याला काढून टाकणं ही बिल्डरची जबाबदारी आहे.