जुन्या लीगचं नाव घेतलं, म्हणजे देणीही घेतली?

‘दिवाळखोर लीगचं नाव नव्या लीगने घेतलं, आता खेळाडूंचं थकलेलं मानधनही तिनेच द्यायचं,’ असा मेसेज वर्षानुवर्षे फिरतोय. अपेक्षा रास्त वाटते, पण सहसा तसं होत नाही. अशा व्यवहारात बहुतेकदा कंपनी नव्हे, तिची मालमत्ता विकली जाते: ट्रेडमार्क, सामन्यांची चित्रणं, अगदी उरलेल्या जर्सीसुद्धा. विक्रीचा पैसा जुन्या कंपनीच्या धनकोंत कायद्याने ठरलेल्या क्रमाने वाटला जातो. मानधन थकलेल्या खेळाडूंनी दावा तिथेच लावायचा. (सगळ्यांना पुरेल इतका पैसा क्वचितच असतो.)

पडताळायचं तर न्यायालयाचा विक्री-आदेश आणि खरेदीकरार काढा. करारात खरेदीदाराने स्वीकारलेल्या देण्यांची वेगळी यादी असते. खेळाडूंचे करार त्यात आहेत का, तेवढं बघा. ट्रेडमार्क नोंदवहीतून फक्त नावाचा मालक कळतो, देणी नाहीत.