द्वितीय भाषाशिक्षण : प्रेरणा आणि अध्येता-स्वायत्तता

दुसरी भाषा शिकण्याची ओढ कशामुळे लागते व टिकते, आणि उद्दिष्टे, साहित्य, गती व मूल्यमापन यांची जबाबदारी अध्येता स्वतःकडे कितपत घेतो, यांचा एकत्रित विचार.

स्वायत्ततेच्या संकल्पनेचे श्रेय सामान्यतः फ्रेंच भाषाशिक्षणतज्ज्ञ आंरी ओलेक यांना दिले जाते. युरोप परिषदेसाठी त्यांनी लिहिलेला फ्रेंच अहवाल १९७९ चा. इंग्रजी आवृत्ती १९८१ ची असल्याने पुष्कळ ग्रंथांत तेच वर्ष आढळते. ‘स्वतःच्या अध्ययनाची सूत्रे हाती घेण्याची क्षमता’ ही त्यातील व्याख्या आजही पायाभूत आहे. तथापि फ्रान्समधील नान्सी विद्यापीठाच्या ‘क्रापेल’ या भाषाशिक्षण-संशोधन केंद्रात हा विचार त्याआधीच रुजू लागला होता. केंद्राचे संस्थापक ईव्ह शालों १९७२ मध्ये निवर्तले व धुरा ओलेक यांच्याकडे आली. त्यामुळे शालों यांना प्रवर्तक आणि ओलेक यांना व्याख्याकार मानणे अधिक सयुक्तिक वाटते. तेथील काम मुख्यतः प्रौढांसाठी होते व स्वयंअध्ययनावर त्यात भर होता. स्वायत्तता म्हणजे एकट्याने शिकणे हा समज बहुधा त्यातूनच पसरला. तो दूर होणे अगत्याचे आहे. डेन्मार्कमधील शिक्षिका लेनी डॅम यांच्या शालेय वर्गात प्रत्येक विद्यार्थी नोंदवहीत तारीख, आजचे काम, जोडीदार, गृहपाठ आणि अखेरीस काय जमले, काय राहिले, हे लिहीत असे. योजना त्याची असे. काम मात्र गटात चाले.

प्रेरणेच्या अभ्यासाचा आरंभ रॉबर्ट गार्डनर व वॉलेस लँबर्ट यांच्या माँट्रियल येथील संशोधनापासून (१९५९) धरतात. भाषकसमाजाशी जवळीक साधू पाहणारी एकात्मलक्षी आणि नोकरी, परीक्षा अशा लाभांकडे पाहणारी साधनलक्षी, हे भेद त्यातून रूढ झाले. त्यांनी एकात्मलक्षी प्रेरणेला झुकते माप दिले. यास्मीन लुकमानी यांना मात्र मुंबईतील मराठीभाषक विद्यार्थ्यांच्या पाहणीत (१९७२) साधनलक्षी प्रेरणाच प्रभावी दिसली.

आधी प्रेरणा की आधी स्वायत्तता, हा वाद कायम आहे. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी व रिचर्ड रायन यांच्या स्वयंनिर्णय सिद्धांतानुसार निवडीचे स्वातंत्र्य आंतरिक, म्हणजे कामाच्या आवडीतूनच येणाऱ्या, प्रेरणेला पोसते. हाँगकाँगमधील एका अभ्यासाचा (२००२) कौल उलट, म्हणजे प्रेरणा आधी, असा आहे. दोन्ही एकमेकींना बळ देतात, हे मत अधिक ग्राह्य दिसते. अभ्यासक्रम व परीक्षा बाहेरून ठरतात तेथे विल्यम लिटलवुड यांनी केलेला स्वयंप्रवर्ती (ध्येयही स्वतः ठरवणारी) व प्रतिसादी स्वायत्तता हा भेद (१९९९) उपयोगी पडतो. दुसऱ्या प्रकारात ध्येय दुसऱ्याने आखले तरी तेथवर जाण्याची साधने अध्येता स्वतः जुळवतो, तीही स्वायत्तताच होय.